दाजींच्या हातचं वायरिंग

कारखाना वसाहत, खोली नं. १४
९ मार्च १९८६

अक्का,

पाकिटावरचं अक्षर दाजींनी ओळखलं असेल. पत्र फाडायचं असेल तर फाड, पण त्याआधी त्यांना एकदा वाचू दे. कागद तू धरतेस आणि ते वाचून दाखवतात, असं महांतप्पांनी सांगितलं. म्हणजे तुला लिहिलेला एकेक शब्द आधी दाजींच्या तोंडून जाणार. सकाळपासून तीन कागद खराब केलेत ते त्यामुळंच.

महांतप्पा परवा धाराशिवच्या स्टँडवर भेटले. गिरणीचा पट्टा तुटला म्हणून नवा घ्यायला आले होते. मी त्यांना चहाला नेलं आणि तुमचं विचारलं. आधी पट्ट्याच्या भावाचंच बोलत राहिले. मग म्हणाले, तू सकाळी रोजगार हमीच्या कामावर जातेस ती दिवस मावळल्यावर येतेस. लेक सासरी गेल्यापासून दाजी दिवसभर एकटेच. महांतप्पा दळण संपलं की डोकावतात. एकदा सांजेला गेले तर दाजी अंधारात बसलेले. "दिवा लावू का म्हणलं, तर न्हाय म्हणला. तरीबी लावून आलो. दुसऱ्या दिवशी दार आतनं लोटून घेतलेलं. पायानं."

तेव्हापासून खोलीतला दिवा लावताना माझा हात बटणावर थांबतो.

पाच वर्षांपूर्वी दाजी कारखान्याच्या पंपहाउसच्या लाइनवर दुरुस्तीला चढलेले असताना लाइन चालू झाली आणि त्यांचे दोन्ही हात गेले. त्या वेळी स्विचबोर्डवर मी होतो. फोनवर ऐकण्यात घोटाळा झाला, हे मी चौकशीत सांगितलंच आहे. ते पुन्हा काढत नाही. तू मला सोलापूरच्या दवाखान्याच्या दारातून परत पाठवलंस, तेही बरोबरच होतं.

यंदा उसाचा पत्ता नाही. गाळप जानेवारीतच थांबलं, वसाहत निम्मी रिकामी झाली. मी बोर्डासमोर बसतो आणि कुणी काही मागत नाही. बसून एक विचार केला. दाजींना पायानं पंखा आणि दिवा लावता आला तर? नवी वायर ओढून हे सहज झालं असतं. पण ते घर दाजींनी स्वतः वायरिंग केलेलं आहे. सागवानी पट्टी, ओळंब्यात बसलेली, एक खिळा वाकडा नाही. त्या पट्टीला कुणाला हात लावू देत नाहीत, हेही महांतप्पा बोलले. मग पट्टीला हात न लावता, आहे त्याच वायरीतून हे करता येईल का, ते बघतोय.

उत्तराची वाट बघत नाही. नको असेल तर महांतप्पांकडून तेवढा निरोप दे.

गुलाब

—

२० एप्रिल १९८६

अक्का,

निरोप आला नाही, म्हणून मी 'चालेल' असं समजलो. तीन डबे महांतप्पांबरोबर पाठवतोय. दाजींना लगेच कळेल, तुझ्यासाठी सोपं करून लिहितो.

घरातल्या वायरीत वीज असतेच. त्याच वायरीत मी एक बारीक शीळ सोडतो. कानाला ती ऐकू येत नाही, दुसऱ्या डब्याला ऐकू येते. लांब पल्ल्याच्या मोठ्या लाइनींवर याच रीतीनं बोलणंसुद्धा चालतं, हे मला ट्रेनिंगमध्ये दाखवलं होतं. मी जुन्या रेडिओंचे भाग सोलापूरहून आणून हे जोडलं. पहिला डबा दाजींच्या खाटेजवळच्या प्लगात लावायचा. त्याला दोन बटणांची पाटी आहे, ती पायाशी ठेवायची. डावं बटण पंख्याचं, उजवं दिव्याचं. पुन्हा दाबलं की बंद. बाकीचे दोन डबे समोरच्या प्लगांत, एकात टेबलफॅन, एकात दिवा. पट्टीतला खिळा कुठंही हलवायचा नाही.

बटणं रुंद केलीत. दाजींच्या पायाच्या अंगठ्याला कुरूप होतं, ते दुखायला नको म्हणून वर रबर बसवलंय. कुरूप अजून आहे का, मला माहीत नाही.

माझ्या खोलीत मी हे महिनाभर वापरतोय. खाटेवर बसून पायानं दिवा लावतो, पायानं बंद करतो. इथं कुणी बघायला नाही, नाहीतर वेडा म्हणाले असते.

गुलाब

—

११ मे १९८६

अक्का,

महांतप्पा येऊन गेले. डबे तू लावू दिलेस, हे ऐकून मी बसल्या जागेवरून उठून उभा राहिलो. "त्याचं नाव काढू नका, पण लावा. उन्हाळा लई हाय," असं तू म्हणालीस म्हणे. एवढं पुरे आहे मला.

आठ दिवस नीट चाललं आणि मग गिरणी सुरू झाली की पंखा आपोआप सुरू व्हायला लागला, हेही समजलं. तुमचं घर आणि गिरणी एकाच डीपीवर आहे, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. पण महांतप्पांनी पुढं जे सांगितलं ते मी त्यांना दोनदा सांगायला लावलं. दाजींनी त्यांना गिरणी बंद करायला लावली, चालू करायला लावली, परत बंद, परत चालू, असं पंधरा वेळा. दळणाला आलेल्या बायका वैतागल्या. दाजी खाटेवर बसून पंख्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "गिरणीची ठिणगी वायरीतनं आत येती. गुलाबला हे आधी सुचायला पायजे व्हतं."

दाजी, माझं नाव तुम्ही पाच वर्षांत पहिल्यांदा घेतलंत. बरोबर आहे तुमचं, मला सुचायला पाहिजे होतं. मोटर सुरू होताना वायरीत जो गोंगाट येतो, त्यात माझ्या शिळेसारखा सूर असतो. डबा फसतो.

मी दुसरी जोडणी करतोय. तोवर आहे ते डबे काढू नका, चालू द्या. पंखा मधूनच लागला तर पायानं बंद करता येतोच. आणखी काय दिसतं ते महांतप्पांजवळ सांगा. सगळं सांगा.

गुलाब

—

३ जून १९८६

अक्का,

काल महांतप्पांनी पिठाच्या पिशवीतून तिन्ही डबे परत आणून दिले. खाली ठेवले आणि उभेच राहिले. मी विचारल्यावर सांगितलं. तू पंख्याची जाळी काढून पाती पुसत होतीस. पलीकडं गिरणी सुरू झाली आणि पंखा फिरला. उजव्या हाताचं बोट फाटलं, तीन टाके पडले. "दाजीनं आरडून हाक मारली, पर उठून हात कसा धरावा त्यानं?" एवढं बोलून महांतप्पा गेले.

डबे काढू नका, हे मी लिहिलं होतं. फसतात हे माहीत असून लिहिलं. दाजी बोलले याचा मला इतका आनंद झाला की ते बोलणं बंद पडू नये म्हणून मी डबे चालू ठेवायला सांगितलं. आपोआप लागणारा पंखा धोक्याचा असतो, हे शिकाऊ माणसालासुद्धा कळतं.

आता मागचं लिहितो. दाजी, हे अक्काला न गाळता वाचून दाखवा.

त्या दिवशी फोन आलाच नव्हता.

सकाळी साडेनवाला मी लाइन बंद केली आणि दाजींना तसं लिहून दिलं. काम संपलं की त्यांनी पंपहाउसमधून फोन करायचा, आणि त्यांचा आवाज ऐकल्यावरच मी लाइन सोडायची, हा नियम. अर्ध्या तासाचं काम आहे, असं ते जाताना म्हणाले होते. दहा वाजले, सव्वादहा झाले. बॉयलरचं पाणी उतरलं होतं, खालून सारखे माणूस पाठवत होते, पंप कधी लावतोस म्हणून. मी घड्याळ बघितलं. काम झालंच असेल, दाजी फोन करायला विसरले असतील, असं मनाला सांगितलं आणि हँडल वर ढकललं. बोर्डावरचा काटा थरथरला. तेव्हाच मला कळलं. खाली ओढायला मला किती वेळ लागला ते माहीत नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, फोन आला होता का. मी तुमचं नाव घेऊन म्हणालो, आला होता, आबाराव बोलले, लाइन मोकळी आहे म्हणाले. तुम्ही तेव्हा दवाखान्यात बेशुद्ध होता. कागदावर लिहिलं गेलं की आबाराव यांनी काम पूर्ण नसताना लाइन चालू करण्यास सांगितले, निष्काळजीपणा त्यांचा. मी खाली सही केली. पहिल्या पत्रातही मी ऐकण्यात घोटाळा झाला असं लिहिलं. घोटाळा कसला, ऐकायला काही नव्हतंच.

दाजी, तुम्ही फोन केला नव्हता हे तुम्हाला तर माहीतच होतं. एवढी वर्षं तुम्ही कुणापाशी बोलला नाही. मला वाटायचं, आज ना उद्या तुम्ही कारखान्यात येऊन सगळ्यांसमोर सांगाल. मी दर पाळीला दाराकडं बघायचो. तुम्ही आला नाहीत, आणि मग मला त्याचीच सवय झाली.

बोट बरं झालं का, तेवढं कुणाकडून तरी कळव.

गुलाब

—

तुळजापूर
१४ जुलै १९८६

अक्का,

पत्ता बदललाय. मी कारखान्यात लेखी जबाब दिला. फोन आला नव्हता, आबाराव यांची काही चूक नव्हती, लाइन मी नियम मोडून सोडली, आधीचा जबाब खोटा होता. साहेबांनी दोनदा विचारलं, आता पाच वर्षांनी हे कशाला? मी म्हणालो, लिहून घ्या. महिन्याभरात मला कामावरून काढलं. जुन्या निकालावर नवीन शेरा मारून त्यांनी त्याची नक्कल दिली, ती या पाकिटात घातली आहे. खाली शिक्का आहे, बघून घ्या. दाजींच्या नावापुढचा तो शब्द खोडलेला आहे.

वसाहतीतून निघताना एक ट्रंक आणि डब्यांची पिशवी, एवढंच सामान झालं. निरोप द्यायचा असा कुणी नव्हता. पूर्वी स्विचबोर्डवर शेजारी बसणारे दोघं आता माझ्याशी बोलत नाहीत. खोटं बोललो तोवर बोलत होते.

इथं यात्रेकरूंच्या लॉजमध्ये वायरमनचं काम मिळालं. लॉजमध्ये रोज नवी माणसं असतात, कुणाचं तोंड दुसऱ्या दिवशी दिसत नाही. राहायला मुद्दाम पिठाच्या गिरणीला लागून खोली घेतली. दिवसभर भिंत हादरते, कपड्यांवर पीठ बसतं, पण मला तीच पाहिजे होती. नवे डबे मी तिथं लावून बघतोय. आता एक शीळ आली तर डबा नुसता सावध होतो. ठरलेल्या वेळात दुसऱ्या सुराची शीळ आली तरच खटका पडतो. गिरणी कितीही ओरडली तरी हे दोन सूर ओळीनं तिला काढता येत नाहीत. आणि खटका खरंच पडला, तर तिकडचा डबा उलट शीळ देतो, मग पायाजवळ लाल दिवा लागतो. लाल दिवा नाही तर काम झालं नाही, असं समजायचं.

वहीत रोज लिहून ठेवतो. अकरा दिवस झाले, एकदाही आपोआप लागलं नाही.

पाठवत मात्र नाही. मागच्या वेळी तुमचा निरोप नसताना 'चालेल' असं मीच ठरवलं होतं.

गुलाब

—

तुळजापूर
२२ सप्टेंबर १९८६

अक्का,

काल मी बेंबळीला येऊन गेलो, ते तुला माहीत आहे. मी येणार म्हणून तू जोंधळ्याचं दळण घेऊन गिरणीत जाऊन बसलीस, तेही महांतप्पांनी मला सांगितलं. म्हणून तुझ्या घरात काय झालं ते तुला लिहितोय. त्यातलं शेवटचं दाजींनी लिहायला सांगितलं आहे.

महांतप्पांच्या अक्षरातलं कार्ड गुरुवारी मिळालं. 'नवे डबे घेऊन रविवारी ये. गिरणी दिवसभर चालू राहील.' एवढंच. खाली नाव नव्हतं. मी धाराशिवला गाडी बदलून अकराला पोचलो. दार उघडं होतं. दाजी खाटेवर बसले होते, सदऱ्याच्या बाह्या खाली शिवून टाकलेल्या. मी जयभीम केला. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातल्या पिशवीकडं बघितलं.

म्हणाले, "मेन खाली ओढ. फ्यूज काढ. माझ्या खिशात टाक."

मी फ्यूज काढला. तो त्यांच्या छातीवरच्या खिशात टाकला. त्यानंतर ते बोलत गेले आणि मी करत गेलो. डबा उघडायला लावला, आतला प्रत्येक सांधा वाकून बघितला. कथलाचे दोन डाग परत लावायला सांगितले. लाइट जाऊन आली तर काय होईल, हे विचारलं. मी सांगितलं, खटका उघडतो आणि उघडाच राहतो, पायानं परत दाबल्याशिवाय काही लागत नाही. ते म्हणाले, "सांगू नको. दाखव." फ्यूज घालून, काढून, परत घालून दहा वेळा दाखवलं. दर वेळी तो त्यांच्या खिशातून घ्यायचा आणि खिशातच ठेवायचा.

मग त्यांनी मेनजवळची पट्टी उघडायला सांगितली. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून पुन्हा विचारलं. "व्हय, पट्टी. गिरणीची ठिणगी घरात येऊनच द्यायची न्हाय. दारातच अडवायची. कॉइल गुंडाळ, म्या सांगतो किती वेढे." मी एकेक खिळा सरळ काढून वाटीत ठेवला. त्यांनी सांगितले तेवढे वेढे दिले, पट्टी बसवली, तेच खिळे त्याच भोकांत ठोकले. त्यांनी डोळे बारीक करून पट्टी बघितली आणि एक खिळा परत काढायला लावला.

दुपारनंतर फ्यूज आत घालायला लावून दाजींनी बटणं दाबून बघायला सुरुवात केली. पलीकडं गिरणी धडधडत होती. पन्नास वेळा दिवा, पन्नास वेळा पंखा. मी मोजत होतो. शंभरच्या शंभर वेळा लाल दिवा लागला. न दाबता काही लागलं नाही. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. मी पुसू का, असं विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी पंखा लावला आणि तोंड तिकडं केलं.

मग ते बोलले. सगळं जसंच्या तसं लिहितो.

"गुलाब, तू लिव्हलंस की मला तर ठावंच व्हतं. मला काय बी ठावं नव्हतं."

मी मोजणीची वही मिटली.

"त्या दिवसाचं मला सकाळचा चहा आठवतो. फुडं एकदम दवाखाना. मधलं कोरं हाय. खांब आठवत न्हाय, फोन आठवत न्हाय. तू म्हणलास म्या फोन केला. माझा मेव्हणा खोटं कशाला बोलंल? मग म्या केलाच असंल. काम अर्धं टाकून म्या लाइन सोडाया सांगितली, असा कसा येडा झालो म्या? पाच वर्सं तेच आठवत बसलो. दिवा असला की नजर इकडं तिकडं जाती. अंधारात बसलं तर आठवंल वाटायचं."

अक्का, मला त्यांच्याकडं बघवेना. मी समजत होतो की ते मला माफ न करता गप्प बसलेत. ते स्वतःला दोष देत बसले होते, आणि तो दोष त्यांना मी दिला होता. हात तर गेलेच होते. त्यावर त्यांना स्वतःच्या कामाची खात्रीही मी ठेवली नाही.

मी म्हणालो, दाजी, मला शिव्या द्या.

ते म्हणाले, "देतो की. पत्र आल्यापास्नं रोज देतो. आधी सोताला द्यायचो, आता तुला देतो. बरं वाटतं."

त्यांनी पायानं पंखा बंद केला. मग त्यांनी जे सांगितलं ते तुझ्यासाठी आहे. दवाखान्यात तू त्यांच्या कानाशी वाकून विचारलं होतंस, तुम्ही फोन केला व्हता का? त्यांनी 'न्हाय' म्हणून सांगितलं. त्या एका शब्दावर तू दारात उभ्या असलेल्या तुझ्या भावाला परत पाठवलंस आणि पाच वर्षं त्याचं तोंड बघितलं नाहीस. आई गेली तेव्हाही आपण दोघं दोन कडांना उभे होतो.

"म्या न्हाय म्हणलो तवा मला ठावं नव्हतं," दाजी म्हणाले. "तिच्या तोंडाकडं बघवंना म्हणून म्हणलो. तिनं तेच धरलं. पाच वर्सं वाटायचं, आपुन खोटं बोललो असलो तर हिचा एकुलता भाऊ आपुन उगाच तोडला. तिला कितींदा सांगाया गेलो. तोंडातनं येत न्हाय. तू लिही. लिव्हलेलं असलं की म्या वाचून दाखवीन."

साडेपाचच्या गाडीला मी निघालो. त्याआधी त्यांनी मेन उतरवून फ्यूज एकदा दाखवायला लावला; मी तो परत बसवून मेन वर केला, तेवढ्यापुरते दाजी खाटेवरून उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. परत ये म्हणाले नाहीत, येऊ नको असंही म्हणाले नाहीत. गिरणीवरून जाताना तू पोत्यावर पाठमोरी बसलेली दिसलीस. डोक्यावर पीठ पडून केस पांढरे झाले होते. पीठच होतं का, ते विचारायला मी थांबलो नाही.

इथं नवरात्राची तयारी चालू आहे. लॉजच्या बत्तीस खोल्यांचं वायरिंग मला तपासायचं आहे. एकटाच आहे, रोज रात्री येऊन खोलीवर पडतो. तुमच्याकडून काही यावं असं मी लिहिणार नाही.

दाजी, सांगितलंत तसं लिहिलंय. शब्द तुमचेच ठेवलेत, माझं त्यात काही घातलं नाही. पुढं काही लिहिलेलं नाही. आता कागदावरची नजर काढा आणि अक्काकडं बघा.

गुलाब